बार मित्झ्वाच्या पत्रिकेत देणगीची लिंक का असते?

अमेरिकेत मुलं सातवीत गेली की मराठी घरांतही बार मित्झ्वाच्या, म्हणजे ज्यू मुलांच्या तेराव्या वर्षीच्या समारंभाच्या, पत्रिका यायला लागतात. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, बॉस्टन अशा ज्यू वस्ती मोठी असलेल्या भागांत तर वर्षभर दर दोन-तीन शनिवारांआड कुणाचा ना कुणाचा समारंभ असतो. पत्रिकेत सकाळच्या प्रार्थनेची वेळ असते, संध्याकाळच्या पार्टीचा पत्ता असतो, आणि बरेचदा एक जादा पान किंवा लिंक असते. तिथे तेरा वर्षांच्या मुलाने स्वतः लिहिलेलं असतं, की माझ्या मित्झ्वा प्रोजेक्टसाठी मी गरजूंना अन्न पुरवणाऱ्या गावातल्या फूड बँकेकरता निधी गोळा करतोय, जमेल तसा हातभार लावा.

मी बरीच वर्षं न्यू जर्सीत राहते आणि ओळखीतल्या मराठी आईवडिलांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकते. भेटवस्तू द्यायची की देणगी? की दोन्ही? एवढ्याशा पोराने लोकांकडे पैसे का मागायचे? ते जातात कुठे, आणि हिशोब कोण ठेवतं? उत्तरं अवघड नाहीत. पण त्यासाठी आधी तेराव्या वर्षी नेमकं काय घडतं ते समजून घ्यावं लागतं.

तेरा पूर्ण झाली म्हणजे काय होतं

हिब्रू पंचांगाप्रमाणे मुलगा तेरा वर्षांचा झाला की तो 'बार मित्झ्वा' होतो. मुलगी सनातनी घरांत बाराव्या वर्षी आणि इतर बहुतेक घरांत तेराव्या वर्षी 'बात मित्झ्वा' होते. यासाठी समारंभ लागत नाही. हॉल नाही, केक नाही, अगदी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, पाऊलही टाकलं नाही, तरी त्या वाढदिवसापासून ज्यू धर्मशास्त्र त्या मुलाला स्वतःच्या वागण्याला जबाबदार धरतं. मित्झ्वा म्हणजे धर्माची आज्ञा. परंपरेने मोजलेल्या 613 आज्ञांपैकी त्याला लागू असलेल्या सगळ्या आता त्याच्या नावावर. तोवर त्याची चूक वडिलांच्या खाती जमा होत होती. म्हणूनच या दिवशी वडील सर्वांसमोर एक छोटा आशीर्वाद म्हणतात. त्याचा आशय असा, की या मुलाच्या शिक्षेच्या भारातून मला मोकळं करणाऱ्या देवाचे आभार. ऐकायला जरा रुक्ष वाटतं, पण मला ते फार प्रामाणिक वाटतं. सगळे त्या दिवशी मुलाचं कौतुक करत असताना कुणीतरी स्पष्ट सांगतं, की आजपासून तुझं तू बघ.

समारंभ होतो तो या बदलाची जाहीर नोंद म्हणून. सिनेगॉगमध्ये सोमवार, गुरुवार आणि शनिवारी तोरा वाचतात. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, चर्मपत्राच्या लांबलचक गुंडाळीवर शाईने हाताने लिहिलेली. त्यात नुसती व्यंजनं असतात. स्वरांच्या खुणा नाहीत, विरामचिन्हं नाहीत, चालीची चिन्हं नाहीत. वाचायचं मात्र ठरलेल्या चालीतच. म्हणजे स्वर आणि सूर दोन्ही डोक्यात असावे लागतात. अक्षरांना बोट लावायचं नाही, म्हणून हातात 'याद' घेतात. ही चांदीची किंवा लाकडाची बारीक काठी असते, टोकाला इवलासा हात, त्याची तर्जनी पुढे काढलेली. मूल त्या तर्जनीने एकेक शब्द दाखवत पुढे सरकतं. एखादा स्वर चुकला तर शेजारी उभा असलेला जाणता माणूस हळूच दुरुस्त करतो, मूल तो शब्द पुन्हा म्हणतं आणि पुढे जातं. कुणी हसत नाही, कुणी चुकचुकत नाही. वाचन संपलं की बऱ्याच ठिकाणी बाकांवरून मऊ गोळ्या-चॉकलेटांचा वर्षाव होतो आणि लहान पोरं ती वेचायला धावतात.

मुलींना ही जागा बरीच उशिरा मिळाली. अमेरिकेतला पहिला जाहीर बात मित्झ्वा 18 मार्च 1922 रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. मुलगी होती ज्युडिथ कॅप्लन, आणि वडील रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मॉर्डेकाय कॅप्लन. तिने गुंडाळीसमोर उभं राहून वाचलं नाही, थोडं दूर उभं राहून छापील पुस्तकातून वाचलं. आज सनातनी पंथ सोडले तर मुली मुलांसारखंच वाचतात.

आता निधीकडे नेणारा धागा. तोरा 54 भागांत विभागलेली आहे आणि वर्षभरात ती क्रमाने वाचून होते. हिब्रू पंचांग चंद्रावर चालतं, 19 वर्षांत 7 अधिक महिने घालून ते सूर्याशी जुळवून घेतात. तुमचा तेरावा वाढदिवस ज्या आठवड्यात पडेल, त्या आठवड्याचा भाग तुमच्या वाट्याला. निवडीला फारसा वाव नसतो. एखाद्याला नोहाचा पूर आणि त्याची जहाजभर जनावरं मिळतात, एखाद्याला अब्राहाम भर उन्हात तंबूच्या दाराशी बसलेला असताना आलेले तीन अनोळखी पाहुणे, तर एखाद्या बिचाऱ्याला त्वचारोगांचे आणि घरांच्या भिंतींवरल्या बुरशीचे नियम. वाचनानंतर किंवा आधी मुलाने त्या भागावर छोटं भाषण करायचं असतं: यात काय म्हटलंय, मला काय पटलं, काय पटलं नाही. आणि इथेच रब्बी किंवा शिक्षक महिनोन् महिने आधी त्याला विचारतात, की यातून तू करणार काय?

नोहावाला मुलगा प्राण्यांच्या निवाऱ्यासाठी पैसे उभे करतो. अब्राहामचे पाहुणे मिळालेली मुलगी नव्याने आलेल्या निर्वासित कुटुंबांसाठी भांडीकुंडी जमवते. ज्याला तोरातल्या लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय येतो त्याचं काम सर्वांत सोपं. कारण तिथे सरळ आज्ञाच आहे, की शेताची कापणी करताना कोपरे कापू नका, खाली पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. बुरशीवाल्याला थोडा विचार करावा लागतो. पण त्यातूनही मुलं वाट काढतात. आजारामुळे वस्तीबाहेर ठेवलेल्या माणसाचा विचार करत एखादं मूल इस्पितळातल्या एकट्या रुग्णांपर्यंत पोचतं.

देणं ही मेहेरबानी नाही

'त्सेदाका' हा शब्द तुम्हाला या समारंभात अनेकदा ऐकू येईल. व्यवहारात त्याचा अर्थ गरजूला देणं. ज्यू विचारात ते कर्तव्य आहे, कर भरावा तसं. देणाऱ्याचं मन मोठं आहे की नाही, त्याला आज द्यावंसं वाटतंय की नाही, हा मुद्दा नंतरचा. उत्पन्नाचा दहावा हिस्सा ही रूढ मोजणी आहे. उत्साहाच्या भरात माणूस स्वतःच कंगाल होऊ नये म्हणून वरची मर्यादाही घातली आहे, पाचवा हिस्सा. आणि जो स्वतः त्सेदाकावर जगतो त्यानेही त्यातलं थोडं दुसऱ्याला द्यायचं. हा नियम मला सगळ्यांत आवडतो, कारण घेणाऱ्यालाही तो देणाऱ्यांच्या रांगेत उभं करतो.

आता कोडं सुटायला लागतं. तेरा वर्षांचा मुलगा कर्तव्यांना बांधला गेला आणि देणं हे कर्तव्य आहे. मग पहिल्याच दिवशी त्याने त्याची सुरुवात केली तर ती सजावट कशी म्हणायची? वडिलांनी त्याच्या नावाने चेक फाडून भागत नाही. मुंजीतला बटू भिक्षा मागायला उभा राहतो ते मराठी वाचकाला चटकन आठवेल. इथेही मूल मागायला उभं राहतं, फक्त झोळी दुसऱ्याची असते.

कसं द्यावं यावर बाराव्या शतकात मैमोनिडीज या तत्त्वज्ञाने फार बारकाईने लिहून ठेवलं आहे. ज्यू लोक त्यांना 'राम्बाम' म्हणतात. ते स्पेनमध्ये जन्मले, पुढे इजिप्तमध्ये वैद्यकी करत राहिले, 1204 मध्ये वारले. त्यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सगळ्यांत खालची, तोंड वाकडं करून देणं. त्याच्या वर, हसतमुखाने पण ऐपतीपेक्षा कमी देणं. मग मागितल्यावर देणं, मागायच्या आधी देणं. पुढच्या तीन पायऱ्या कुणाला कुणाचं नाव कळतं याच्या आहेत. घेणाऱ्याला देणारा माहीत आहे पण देणाऱ्याला घेणारा माहीत नाही, ही त्यांतली पहिली. राम्बाम सांगतात, की जुने विद्वान नाणी कापडाच्या पदरात बांधून तो पदर पाठीवर सोडत आणि चालत राहत. गरीब मागून येऊन नाणी घेत, म्हणजे त्यांना कुणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नसे. तिच्या वरची पायरी, देणाऱ्याला माहीत पण घेणाऱ्याला नाही. तिच्याही वर, दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. आणि सर्वांत वर, कर्ज देऊन, भागीदारीत घेऊन किंवा काम मिळवून देऊन माणसाला अशा जागी आणणं, की त्याला पुन्हा कुणापुढे हात पसरावा लागणार नाही.

ही यादी बार मित्झ्वाच्या वर्गांत शिकवतात आणि मुलं तिच्यावर वाद घालतात. लाज वाटत असताना दिलेले शंभर डॉलर मोठे की आनंदाने दिलेले पाच? नाव छापून आणणाऱ्याचे पैसे कमी प्रतीचे का? तेराव्या वर्षी या प्रश्नांवर कुणीतरी आपल्याशी गंभीरपणे बोलतंय, ही गोष्ट मुलांच्या लक्षात राहते.

राम्बामचंच आणखी एक मत या समारंभांना थेट लागू पडतं. सणाच्या दिवशी जो दार बंद करून फक्त बायकामुलांसह जेवतो आणि गरिबाला जेवू घालत नाही, त्याचा आनंद हा धर्माचा नाही, पोटाचा आनंद आहे, असं ते म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या ज्यू कुटुंबांकडे पैसा आला आणि बार मित्झ्वाच्या पार्ट्या लग्नांशी स्पर्धा करू लागल्या, तेव्हा रब्बींना हेच बोचत होतं. 1985 मध्ये लेनर्ड फाइन या लेखक-संपादकाच्या पुढाकाराने 'माझोन' ही भूक निवारणाची संस्था उभी राहिली. तिचं आवाहन अगदी साधं होतं: लग्न असो की बार मित्झ्वा, जेवणावळीच्या खर्चाच्या 3 टक्के रक्कम उपाशी माणसांसाठी काढा. पार्टी बंद करा असं कुणी म्हटलं नाही. हौसेला मोल नसतं हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी हौसेवर एक छोटासा हप्ता बसवला.

त्याच सुमारास दुसरी एक प्रथा जोरात होती. 1970-80 च्या दशकांत सोव्हिएत संघातल्या ज्यूंना देश सोडायची परवानगी नाकारली जात असे आणि त्यांच्या मुलांना धर्मशिक्षण उघडपणे घेता येत नसे. अमेरिकेतलं मूल अशा एका सोव्हिएत मुलाशी 'जोडी' जमवायचं, त्याला पत्रं लिहायचं आणि स्वतःच्या समारंभात त्याचं नाव घ्यायचं. काही सिनेगॉगमध्ये त्याच्यासाठी व्यासपीठावर एक रिकामी खुर्ची ठेवत. आज काही मुलं नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या, बार मित्झ्वाच्या वयापर्यंत पोचूच न शकलेल्या एखाद्या मुलाची आठवण अशीच स्वतःशी जोडून घेतात. निधी गोळा करणं हा मित्झ्वा प्रोजेक्टचा एक प्रकार झाला, एकमेव प्रकार नाही. इस्रायलमधल्या अनेक धर्मनिरपेक्ष किबुत्झांत, म्हणजे सामूहिक वस्त्यांत, तर प्रार्थनेऐवजी मुलांना वर्षभरात 13 कामं पूर्ण करायला देतात, त्यात समाजसेवाही असते.

एक उदाहरण, हिशोबासकट

हे सगळं प्रत्यक्षात कसं चालतं ते बघण्यासाठी एक कल्पित मुलगी घेऊ. तिला लेवीय पुस्तकातला शेताच्या कोपऱ्यांचा भाग मिळालाय आणि तिने गावातली फूड पँट्री, म्हणजे गरजूंना अन्न वाटणारं केंद्र, निवडली आहे.

पहिलं शहाणपण हे, की तिने आधी पँट्रीला फोन करून काय हवंय ते विचारावं. बहुतेक मुलं थेट डबाबंद अन्न गोळा करायला निघतात. पँट्रीत राजम्याच्या डब्यांचा ढीग आधीच असतो. हवी असतात लहान मुलांची डायपर, सॅनिटरी पॅड, खायचं तेल, आणि रोख पैसे. कारण फूड बँका घाऊक भावाने, काही वेळा नाममात्र दराने माल मिळवतात; तुमच्या-माझ्या हातून दुकानात खर्च झालेल्या डॉलरपेक्षा त्यांच्या हातातला डॉलर खूप जास्त ताटं भरतो.

म्हणून ती ठरवते, की हल्ला विकायचा. हल्ला म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या टेबलावर ठेवायचा वेणी घातलेला पाव. शब्बाथ हा ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंतचा. मैदा, यीस्ट, अंडी, तेल, थोडी साखर. दूध-लोणी घालत नाहीत, कारण ज्यू आहारनियमांत मांसाबरोबर दूध चालत नाही आणि हा पाव मांसाहारी जेवणातही यायला हवा. तिंबलेलं पीठ फुगलं की त्याचे तीन किंवा सहा लांब पेड वळतात, केसांच्या वेणीसारखे गुंफतात, वरून फेटलेल्या अंड्याचा हात फिरवतात म्हणजे भाजल्यावर तपकिरी तकाकी येते. सहा पेडी वेणी घालायला हात बसावा लागतो. पहिले काही पाव वाकडेच होतात. टेबलावर दोन हल्ला ठेवायची रीत आहे, त्यामुळे गिऱ्हाईक जोडीच घेतं. घरी भाजून विकण्याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत. न्यू जर्सीत घरगुती बेकरीचा धंदा 2021 पर्यंत बंदच होता, आणि कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियम, पाळणाऱ्या घरांना स्वयंपाकघर कुठलं हेही महत्त्वाचं असतं. त्यामुळे अशी कामं बरेचदा सिनेगॉगच्या स्वयंपाकघरात होतात.

जोडीची किंमत ती ठेवते 18 डॉलर. हा आकडा सहज आलेला नाही. हिब्रूत अक्षरांना संख्यामूल्य असतं आणि 'जीवन' या अर्थाच्या शब्दातल्या दोन अक्षरांची बेरीज 18 होते. त्यामुळे ज्यू घरांत भेट आणि देणगी 18 च्या पटीत देतात: 18, 36, 54, 180. पत्रिकेला उत्तर म्हणून 36 किंवा 54 डॉलर पाठवणारा पाहुणा मराठी असला तरी यजमानांना चटकन कळतं, की याने विचारपूस करून दिलंय.

समजा दहा घरांनी जोडी घेतली. जमा झाले 180. सामानाचा खर्च 50. मग निधी किती झाला? मुलीला वाटतं 180. बरोबर उत्तर 130. सामान आईने भरलं असेल तर ते 50 डॉलर आईची देणगी म्हणून वेगळे लिहायचे. हा हिशोब वहीत उतरवताना मुलं जे शिकतात ते मला भाषणातल्या सुंदर वाक्यांइतकंच मोलाचं वाटतं. दुसऱ्याच्या पैशाला हात लावला की पै-पैचा हिशोब द्यावा लागतो, हे तेराव्या वर्षीच अंगवळणी पडलेलं बरं.

पैसा कुणाच्या हातात

ज्यू कायद्याने याचाही विचार फार पूर्वी केला आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात गावच्या दाननिधीसाठी नियम आहे: गोळा करायला दोन माणसं, वाटायला तीन. एकट्याने पैसे गोळा करायचे नाहीत, म्हणजे मोह होणार नाही आणि संशयही येणार नाही. राम्बामने पुढे बजावलं, की निधी सांभाळणारा माणूस विश्वासू आणि जाणता आहे याची खात्री नसेल तर त्या निधीत पैसे टाकू नका.

आजच्या काळात तो नियम असा पाळता येतो. ऑनलाइन निधी उभारणाऱ्या बहुतेक सेवांवर खातं उघडायला माणूस सज्ञान लागतो, त्यामुळे पान मुलाचं दिसलं तरी खातं आई किंवा वडिलांच्या नावावर असतं. त्यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवर मुलाच्या नावाचं पान उघडणं. पैसा थेट संस्थेकडे जातो, मधे कुणाच्या घरखर्चात मिसळत नाही. देणाऱ्याच्या दृष्टीनेही हेच सोयीचं. अमेरिकेत करसवलत मिळते ती पात्र संस्थेला दिलेल्या देणगीवर, 501(सी)(3) या कलमाखाली येणाऱ्या. एखाद्या व्यक्तीच्या मदतनिधीत टाकलेल्या पैशावर ती मिळत नाही. 250 डॉलर किंवा त्याहून जास्त रक्कम असेल तर संस्थेचं लेखी पत्र जवळ हवं. आणि देणगीच्या बदल्यात काही घेतलं असेल, उदाहरणार्थ वरचे पाव किंवा जेवणाचं तिकीट, तर त्या वस्तूची रास्त किंमत वजा करून उरलेलीच रक्कम देणगी धरली जाते. अनेक कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकीच भर स्वतः घालतात. आपल्या आयटीतल्या मंडळींनी हे जरूर तपासावं, एका फॉर्मने रक्कम दुप्पट होते.

मुलाचा स्वतःचा वाटाही असतो. समारंभात भेट म्हणून बरेच पैसे येतात, त्यातला दहावा हिस्सा काढायला अनेक घरांत सांगतात. काही शहरांत त्यासाठी किशोरांचे दाननिधी आहेत. मॅसॅच्युसेट्समधल्या हॅरोल्ड ग्रिनस्पून फाउंडेशनने पाठबळ दिलेल्या एका योजनेत मूल आपल्या भेटीतले काही पैसे गुंतवतं, संस्था त्यात भर घालते, आणि दरवर्षी त्यातून कुणाला किती द्यायचं हे मुलानेच ठरवायचं असतं. मला ही कल्पना फार पटते. समारंभ एका दिवसात संपतो, पण हे काम चालू राहतं.

सगळंच गोड नाही. सिनेगॉगने ठरवून दिलेले सेवेचे तास कसेबसे भरून सही घेणारी मुलं आहेत. ज्याचे काका-मामा बड्या पगारावर आहेत त्याच्या पानावर आठवड्यात हजारो डॉलर चढतात आणि ज्याची आई एकटी दोन नोकऱ्या करते त्याच्या पानावर तीनशे. मग वर्गात तुलना होते. म्हणून काही रब्बी आकडा जाहीर करूच देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आणखी एक खटकणारी गोष्ट म्हणजे मदत घेणाऱ्या लहान मुलांबरोबर काढलेले फोटो. पाठीवर पदर सोडून चालणाऱ्या विद्वानांची गोष्ट वर्गात ऐकायची आणि मग गरीब मुलाचा चेहरा पार्टीतल्या मोठ्या पडद्यावर दाखवायचा, हे जमत नाही. माझ्या मते उत्तम प्रोजेक्ट तोच, जिथे मूल घराजवळच्या एखाद्या ठिकाणी वारंवार जातं, खोकी उचलतं, तारखा बघून डबे रचतं, आणि तिथल्या माणसांना नावाने ओळखू लागतं. टेबलांवरच्या फुलांच्या सजावटीऐवजी पास्त्याची पाकिटं आणि सिरियलचे डबे रचून ठेवायची आणि पार्टी संपताच ती पँट्रीत पोचवायची, ही पद्धतही चांगली रुळली आहे. फुलांचा खर्च वाचतो, आणि टेबलं दिसतातही छान.

आपल्याकडचे ज्यू

हा विषय मराठी माणसाला वाटतो तितका परका नाही. कोकणात शेकडो वर्षं राहिलेल्या बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठी. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून पूर्वज आले, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेलघाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. हिब्रू ग्रंथांशी त्यांचा संबंध बराच तुटला होता, पण शब्बाथ टिकला. एलियाहू हनवी या प्रेषिताच्या नावाने पोहे, नारळ, फळं घालून केलेला मलिदा आजही त्यांच्या घरांत होतो.

सार्वजनिक कामासाठी वर्गणी काढायची सवय या समाजालाही आहे. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी उभारलं. 1875 मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने समाजाच्या मुलांसाठी शाळा सुरू झाली. पुढे ती सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. बगदादहून आलेले डेव्हिड ससून यांचं नाव तर रोजच्या बोलण्यात आहे. पुण्यात कुणाला 'ससूनला नेलं' म्हणताना ते इस्पितळ एका ज्यू व्यापाऱ्याच्या देणगीतून 1867 मध्ये सुरू झालं हे कुणाच्या मनातही येत नाही. ससून घराण्याची संपत्ती कापसाबरोबर अफूच्या व्यापारातूनही आली होती, हेही त्या इतिहासात आहे. पैसा कुठून आला आणि कुठे गेला, दोन्ही लिहून ठेवलेलं बरं.

1948 नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. दिमोना, अश्दोद, लोद, रामला या गावांत मराठी बोलणारी घरं आहेत, आणि नातवंडांच्या बार मित्झ्वाला आजीच्या हातचा मलिदा असतो. महाराष्ट्रात आता काही हजारच उरले. 2016 मध्ये राज्य सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. उलट दिशेनेही काम चालतं. गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई ही ज्यू स्वयंसेवकांची संस्था ठाण्याजवळ कळव्याच्या वस्तीत आणि पालघरच्या मोखाड्यात मुलांच्या पोषण-शिक्षणासाठी काम करते.

पत्रिका हातात आहे, आता काय?

मुलाच्या प्रोजेक्टला दिलं म्हणजे भेट दिली असं सर्वसाधारणपणे समजतात, तरी जवळचे लोक दोन्ही देतात. ऐपतीप्रमाणे 18 डॉलरही पुरतात, संकोच करू नका. शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये पाकीट, चेक किंवा गुंडाळलेली भेट घेऊन जाऊ नका. शब्बाथच्या दिवशी पारंपरिक ज्यू पैशाला हात लावत नाहीत. दानपेटीत नाणी टाकायची तीही शुक्रवारी संध्याकाळी, मेणबत्त्या लावायच्या आधी. त्यामुळे देणगी आधीच ऑनलाइन करा किंवा टपालाने पाठवा. पाकीट संध्याकाळच्या पार्टीत, शब्बाथ उतरल्यावर चालतं. प्रार्थनेत फोन बंद ठेवायचा, फोटो काढायचे नाहीत. पुरुषांसाठी दाराशी टोप्यांची टोपली असते, त्यातली एक डोक्यावर ठेवायची, तुम्ही ज्यू नसलात तरी.

मुलगा भाषणात प्रोजेक्टबद्दल बोलेल ते नीट ऐका आणि नंतर भेटल्यावर त्याबद्दल एखादा खरा प्रश्न विचारा: पँट्रीत कुठल्या दिवशी जातोस, सगळ्यांत जास्त काय संपतं? 'अभिनंदन' म्हणायचं तर 'मझल तोव'. ऑनलाइन देणगी देताना 'कुणाच्या सन्मानार्थ' असा एक रकाना येतो. तिथे मुलाचं पूर्ण नाव आणि पालकांचा पत्ता भरा. संस्था मुलाला पत्र पाठवून तुमचं नाव कळवते, आणि सहसा रक्कम कळवत नाही.